वजाबाकीचे रंग

दुर्मिळ वस्तूची ओढ मनुष्याला केव्हापासून लागली, हे सांगणे कठीण आहे. परंतु ती ओढ किती बलवत्तर असते हे पाहावयाचे असेल, तर आमच्या इच्छापोरइतके सोयीचे ठिकाण शोधून सापडणार नाही. हिऱ्यांना पैलू पाडण्याच्या कामासाठी सुरत जगभर प्रसिद्ध आहे, आणि त्या व्यवसायाची एक वसाहत आमच्या इच्छापोरातच आहे. आमच्यापैकी कित्येकांचे वडील, काका अथवा शेजारी त्या धंद्यात आहेत. त्यामुळे हिऱ्याच्या रंगाची चर्चा लहानपणापासून आमच्या कानांवर पडत आली आहे. शुद्ध हिरा रंगहीन असतो. त्यात नायट्रोजनचा अंश शिरला, की त्याला पिवळेपणा येतो. ही झाक फिकट असेल तर हिऱ्याची किंमत उतरते. पण तोच पिवळा रंग गडद आणि तेजस्वी असेल, तर किंमत चढत जाते. बोरॉनचा लवलेश मिसळला तर हिरा निळा होतो, आणि त्याचे मोल तर आमच्यासारख्यांनी विचारूच नये! म्हणजे पाहा, खोट ती खोटच. परंतु ती विरळा ठरली, की तिचेच रत्न होते.

हिऱ्याच्या बाबतीत यात कोणाचे काही बिघडत नाही, कारण हिऱ्याला जीव नाही. परंतु हाच हिशेब जिवंत प्राण्याला लावला म्हणजे काय होते, याचा विचार करण्याचा प्रसंग गेल्या वर्षी आमच्या वर्गावर आला.

निमित्त झाले एका अजगराच्या चित्राचे. आमच्या एका वर्गबंधूने मधल्या सुटीत मोबाइलवर ते आम्हांस दाखविले. लिंबाच्या सालीसारखा पिवळा, त्यावर दुधासारखे पांढरे पट्टे, आणि डोळे डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल, असा तो साप स्वतःभोवती वेटोळे घालून बसला होता. साप म्हटला की दचकणारी मुलेही त्या चित्राकडे टक लावून पाहत राहिली. ‘हा मी आणणार आहे,’ असे आमच्या मित्राने जाहीर केले. कोणी एक विक्रेता सुरतेत घरपोच पिल्लू आणून देण्यास तयार होता, आणि त्याने सांगितलेली किंमत एका बऱ्या सायकलीएवढी होती. दोन दिवाळ्यांची ओवाळणी आमच्या मित्राने जपून ठेवली होती. वर्गात एकदम दोन तट पडले, आणि वाद मधल्या सुटीत न मावता विज्ञानाच्या तासापर्यंत पोहोचला.

बाईंनी कोणाला रागे भरले नाही. त्यांनी प्रथम तो प्राणी कोणता हे विचारले. तो आपल्या रानातला अजगर नव्हता. पश्चिम व मध्य आफ्रिकेत आढळणारा हा धाकटा अजगर सुमारे एक ते दीड मीटर लांबीचा असतो. भय वाटले की तो अंगाची गुंडाळी करून डोके आत लपवितो आणि चेंडूसारखा दिसू लागतो. म्हणून इंग्रजीत त्याला ‘बॉल पायथन’ हे नाव पडले. त्याच्या मायदेशी, बेनिनमधील विदा या गावात, अजगरांचे एक देऊळ आहे आणि तेथे त्याला पूज्य मानतात. रानातल्या या अजगराचा रंग काळसर तपकिरी असून त्यावर मातकट पिवळे ठिपके असतात. मात्र स्वभावाने शांत आणि आकाराने बेताचा असल्यामुळे परदेशांत तो घरोघरी पाळला जाऊ लागला, आणि त्याच्या रंगांशी खेळ करण्याचा मोठा व्यवसाय उभा राहिला.

हा व्यवसाय चालतो कसा, हे बाईंनी आम्हांला नाणी उडवून शिकविले. प्रत्येक प्राण्यात बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. ‘अल्बिनो’, म्हणजे काळ्या रंगद्रव्याविना जन्मलेला साप व्हावयाचा, तर दोन्ही प्रती सदोष असाव्या लागतात. एकच प्रत सदोष असेल तर साप इतरांसारखाच दिसतो. पण दोष आत लपून राहतो. असे लपलेला दोष बाळगणारे नर व मादी एकत्र आले, तर प्रत्येक पिल्लाचे भवितव्य दोन नाण्यांच्या फेकीसारखे ठरते. दोन्ही छापे पडले तरच पिल्लू पिवळेपांढरे होणार. आम्ही दोन नाणी साठ वेळा उडविली. हिशेबाने पंधरा वेळा दोन्ही छापे पडावयास हवे होते; आमच्या फळ्यावर आकडा आला अठरा. ‘निसर्गही असाच उडवितो, तो हिशेब ठेवतो, पण वचन देत नाही,’ असे बाई म्हणाल्या. मग असे दोन वेगवेगळे लपलेले दोष एकाच पिल्लात आणावयाचे असतील तर? तेव्हा चार नाणी घ्यावी लागली, आणि सोळा फेकींत सरासरीने एकदाच चारही छापे अपेक्षित! बॉल पायथनची मादी एका वेळी साधारण सहाच अंडी घालते, आणि वयात येण्यास तिला सुमारे तीन वर्षे लागतात. या जातीचे अल्बिनो पिल्लू अमेरिकेत बंदिवासात प्रथम १९९२ साली जन्मले. त्यानंतर रंगांवर रंग चढवीत किती वर्षे आणि किती पिढ्या खर्ची पडल्या असतील, याची कल्पना आम्हांला त्या चार नाण्यांनी दिली.

ही कथा आपल्याही देशाला नवी नाही. १९५१ साली रेवा संस्थानाच्या मुलखात महाराजा मार्तंडसिंह यांनी वाघाचा एक पांढरा बच्चा पकडविला. त्याचे नाव मोहन. मोहनची जोडी सामान्य वाघिणीशी जमविली, तेव्हा एकही पांढरा बच्चा जन्मला नाही. मग त्याची जोडी त्याच्याच कन्येशी, राधेशी, जमविण्यात आली, आणि १९५८ साली चार पांढरे बच्चे झाले. जगाने कौतुक केले. त्यांतील मोहिनी १९६० साली वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात गेली. परंतु तो रंग टिकविण्यासाठी पुढेही जवळच्या नात्यांतच जोड्या लावल्या गेल्या, आणि पांढऱ्या वाघांत तिरळेपणासारखे दोष वरचेवर दिसू लागले. एका जनुकातील एकाच बदलाने वाघ पांढरा होतो, हे २०१३ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. एवढ्याशा बदलासाठी बापाला लेकीचा जोडीदार केले गेले, हे ऐकून आमचा वर्ग क्षणभर गप्प झाला.

येथवर आम्ही असे समजत होतो, की रंगांची पैदास करणारे लोक निसर्गात नवी भर घालतात. पुढच्या तासाला ही समजूत पालटली. सापाच्या त्वचेत रंगपेशींचे निरनिराळे प्रकार असतात. काहींत काळे रंगद्रव्य असते, काहींत पिवळे-तांबडे, तर काही पेशी प्रकाश परावर्तित करतात. उन्हात अजगराच्या अंगावर इंद्रधनुष्याची झाक उमटते ती परावर्तित प्रकाशाची करामत. टायरोसिनेज नावाचे विकर निकामी झाले, की काळे रंगद्रव्य तयारच होत नाही. मग खाली जो पिवळा आणि पांढरा उरतो, तोच आपल्याला ‘नवा रंग’ म्हणून दिसतो. दुसऱ्या एका वाणात पिवळा नाहीसा होतो आणि साप करडा-काळा दिसतो. म्हणजे आमच्या मित्राला मोहविणारा तो लिंबाचा रंग कोणी मिसळलेला नव्हता. मूळ चित्रातून काळी शाई पुसून टाकल्यावर तो उरला होता. बाईंनी फळ्यावर एवढेच लिहिले : ‘वजाबाकी’.

या वजाबाकीचा शोध ज्यांनी लावला, त्यांची हकिकत आम्हां विद्यार्थ्यांना विशेष आवडली. अमेरिकेतील ईस्टर्न मिशिगन विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी, आपल्या प्रयोगाच्या तासाचाच भाग म्हणून, हे काम अंगावर घेतले. अजगर पाळणाऱ्यांनी त्यांना टपालाने कात पाठविली. साप कात टाकतोच. त्यासाठी कोणत्याही प्राण्याला सुई टोचावी लागली नाही. त्या कातीतून जनुके वाचून तीन रंगांच्या वाणांमागील बदल त्यांनी शोधले, आणि २०२२ साली ते संशोधन प्रसिद्ध झाले. तिन्ही बदल काळे रंगद्रव्य बनविण्याच्या कामाशी निगडित जनुकांतले होते. रंगीत सापाविषयीच्या कुतूहलातून खरे ज्ञान निघू शकते, हे यावरून आम्ही मान्य केले. आणि आमच्या मित्राच्या बाजूला एक गुण जमा झाला.

त्याने आणखीही एक मुद्दा मांडला, आणि तो टाळण्यासारखा नव्हता. ‘गुलाबाचे शेकडो रंग माणसानेच केले, कोंबड्या, कबुतरे, कुत्री, सोनेरी मासे यांचेही तेच. मग सापानेच काय घोडे मारले आहे? शिवाय बंदिवासात जन्मलेला साप विकत घेतला, तर रानातला पकडावा लागत नाही.’ या बोलण्यात तथ्य आहे. काळे रंगद्रव्य नसलेला अजगर रानात शत्रूच्या नजरेस चटकन पडेल; पण काचेच्या पेटीत त्याला शत्रू नाही. असे अनेक रंगीत साप चांगले खातात-पितात आणि दीर्घकाळ जगतात. तेव्हा प्रत्येक रंग म्हणजे रोगच, असे म्हणणे खरे होणार नाही.

परंतु सर्वच वजाबाक्या इतक्या स्वस्त नसतात. बॉल पायथनचा ‘स्पायडर’ म्हणून एक वाण आहे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या त्याच्या बारीक रेषा फार मोहक दिसतात आणि त्याला मागणीही मोठी. मात्र या वाणाच्या सापांचे डोके डुगडुगते. काहींना भक्ष्यावर नेम धरता येत नाही, तर काही उलटे पडले की सरळ होण्यासाठी धडपडतात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा सापांचा अंतर्कर्ण तपासला, तेव्हा तोल सांभाळणारे भागच विकृत घडलेले आढळले. सुंदर रेषा आणि बिघडलेला तोल ही एकाच बदलाची दोन फळे आहेत. एक तोडून दुसरे ठेवता येत नाही. त्या सापाचे चलच्चित्र बाईंनी आम्हांला दाखविले. तो आपले डोके स्थिर करू पाहत होता आणि डोके स्थिर होत नव्हते. साप किंचाळत नाही, रडत नाही. त्यामुळे आपल्या आवडीची किंमत तो चुकवीत आहे, हे खोलीतल्या माणसाला ऐकूही येत नाही. हिरा आणि अजगर यांतला भेद आम्हांला त्या दिवशी कळला.

दुसरी किंमत वाटेत चुकवावी लागते. सप्टेंबर २०२३ मध्ये बेंगळूरूच्या विमानतळावर बँकॉकहून आलेल्या सामानात ५५ बॉल पायथन सापडले, निरनिराळ्या रंगांचे. त्यांच्यासोबत १७ नागराज होते, आणि सहा माकडे होती ती मेलेली. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईच्या विमानतळावर महसूल गुप्तचर संचालनालयाने एका प्रवाशाच्या सामानातून बिस्किटे आणि केक यांच्या पुड्यांत लपविलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक बाहेर काढले. बिस्किटाच्या पुड्यात अजगर! चित्रात तो किती ऐटीत बसलेला असतो. आणि आमच्या शहरापर्यंत पोहोचण्यापूर्वी असा एखादा साप कोणत्या पुड्यातून आला असेल, हे चित्र आपल्याला कधीच सांगत नाही.

कायद्याची बाजूही आम्ही समजून घेतली. आपला भारतीय अजगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पकडणे, पाळणे वा विकणे हा गुन्हा आहे. परदेशी जातींविषयी पूर्वी नियम अस्पष्ट होते. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, आणि २०२४ साली नोंदणीचे नियम निघाले. त्यानुसार बॉल पायथनसारखा प्राणी बाळगणाऱ्याने त्याची नोंद करावयाची असते. त्याला पिल्ले झाली, तो दुसऱ्याला दिला अथवा मेला, तरी ते कळवावयाचे असते. आमच्या मित्राने विक्रेत्याकडे कागदपत्रांची चौकशी केली. विक्रेत्याने त्यास उत्तर दिले नाही. ‘रंग लवकर सांगा, गिऱ्हाइके थांबलेली आहेत,’ एवढाच निरोप पाठविला.

त्यातच एक गोष्ट बाईंनी सहज सांगितली. अमेरिकेत सेंट लुईस येथील प्राणिसंग्रहालयात १९६१ पासून असलेल्या एका बॉल पायथनने २०२० साली सात अंडी घातली. तेव्हा तिचे वय साठीच्या पुढे गेलेले होते! आमच्या मित्राने बोटांवर हिशेब केला. चौदाव्या वर्षी आणलेला साप त्याला कदाचित आजोबा झालेला पाहील. तोवर त्याला ऊब, भक्ष्य आणि स्वच्छता कोण पुरविणार? परीक्षेच्या दिवसांत आणि गावाला जाताना कोण? सायकल अडगळीत टाकता येते. दोन दिवाळ्यांची ओवाळणी तशीच राहिली. त्याने साप घेतला नाही. कोणी हुकूम केला म्हणून तो थांबला असे नाही. त्याने स्वतःच वजाबाकी करून पाहिली. त्याने केलेला जनुकांच्या फेकींचा तक्ता मात्र शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात लागला, आणि तो समजावून सांगताना त्याला जो आनंद होत होता, तो आम्ही पाहिला आहे.

आपला स्वतःचा अजगर मात्र आम्हांला पावसाळ्यात भेटला. गावाबाहेरच्या उसाच्या शेताच्या बांधावर माणसांची गर्दी झाली होती. ‘मारा, मारा’ असा ओरडा चालला होता, आणि एक तरुण सर्पमित्र दोन्ही हात पसरून लोकांना मागे सारीत होता. अडीच-तीन मीटरांचा तो अजगर ओल्या मातीवर अगदी संथ पडून होता. भुऱ्या अंगावर गडद तपकिरी, वेडेवाकडे, काळ्या कडांचे चट्टे. दोन चट्ट्यांमध्ये वाळलेल्या गवताचा रंग. आणि ढगांतून ऊन उतरले तेव्हा त्या सर्वांवरून निळसर झाक सरकत गेली. सर्पमित्राने दुरूनच दाखविले : ओठांच्या खवल्यांत बारीक खळगे असतात, त्यांनी तो अंधारातही सावजाच्या अंगाची ऊब ओळखतो. शेपटीच्या मुळाशी दोन लहान नख्या असतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी त्याच्या पूर्वजांना पाय होते, त्यांची ती खूण. मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते आणि स्नायू थरथरवून त्यांना ऊब देते. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात एका मादीवर तापमाने मोजून हे सिद्ध केले गेले आणि १९६६ साली ते प्रसिद्ध झाले. ज्याला आपण सुस्ततेची उपमा देतो, तो प्राणी आपल्या अंड्यांसाठी दिवस-दिवस थरथरतो!

गर्दी मागे हटली, तसा अजगर हलला. तो उसात शिरला आणि दहा पावलांवर दिसेनासा झाला. आमचे डोळे त्याच जागेवर खिळले होते. तरी पाचोळा कोठे संपतो आणि अजगर कोठे सुरू होतो, हे आम्हांला सांगता येईना. कोणाच्या आवडीसाठी न रंगविलेले ते चट्टे आपले काम करीत होते. अगणित पिढ्यांच्या बेरजेतून तो वेष विणला गेला होता, आणि त्यातला काळा, पिवळा, भुरा यांपैकी एकही धागा फुकट नव्हता. चित्रातला पिवळा अजगर आम्ही सर्वांनी पाहताक्षणी पाहिला होता. हा मात्र पाहावयास शिकावा लागला.

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. एकनाथ महाराजांनी त्या स्कंधावर मराठीत टीका लिहिली, म्हणून ही कथा आपल्या घरांतून परिचित आहे. त्या चोविसांत अजगरही आहे. न मागता जे येईल त्यावर समाधान मानावे, हा पाठ अवधूत त्याच्याकडून शिकला. निरिच्छतेचा असा हा गुरू आज बिस्किटाच्या पुड्यात बांधला जावा, यापरता विपर्यास कोणता? आमच्या गावाच्या नावातच इच्छा आहे, आणि इच्छा वाईट असते असे आम्हांला वाटत नाही. जाणण्याची इच्छा नसती, तर आम्ही ती नाणी तरी कशाला उडविली असती? आमच्या वर्गाने मात्र आपल्यापुरता एक नियम केला आहे. एखाद्या जिवंत वस्तूचा रंग मनात भरला, की ती आपल्या घरी कशी येईल हे विचारण्यापूर्वी, तो रंग तेथे कशासाठी आहे आणि त्याची किंमत कोण देतो, हे आधी विचारावे. पुढच्या पावसाळ्यात आम्ही पुन्हा उसाच्या बांधावर जाणार आहोत. अजगर दिसेलच असे नाही. परंतु या खेपेस पाचोळ्याकडे आम्ही अधिक नीट पाहू.